गाणं, तुरुंग आणि लिस्बनची रात्र

लिस्बनच्या काइश दो सोद्रे स्थानकातून समुद्रकिनाऱ्याकडे जाणारी लोकल सुटते. एका अंगाला तेजो नदीचं रुंद पात्र, मग बेलें, मग उपनगरं. वाटेत काशियश नावाचं स्थानक लागतं. पुढच्या पुळणींवर निघालेले पर्यटक तिथे सहसा उतरत नाहीत. या काशियशच्या किल्ल्यात मोहन रानडे यांनी वर्षानुवर्षं बंदिवास भोगला. सांगलीचा हा तरुण मराठीचा शिक्षक म्हणून गोव्यात गेला, आझाद गोमंतक दलात सामील झाला आणि 1955 साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, तरी रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. ते सुटले 1969च्या जानेवारीत. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात जी खटपट झाली, तिच्यात सुधीर फडके पुढे होते. ज्याच्या चाली घराघरांत गुणगुणल्या जात, तो संगीतकार लिस्बनच्या सरकारच्या कैदेतला माणूस सोडवण्यासाठी झटत होता.

काइश दो सोद्रे हे आज लिस्बनच्या रात्रजीवनाचं नाक आहे. स्थानकामागच्या गल्ल्यांत पूर्वी बंदरावरच्या खलाशांचे बार होते, त्यांना टोकियो, जमैका अशी लांबच्या मुलखांची नावं होती. आता त्यातला एक रस्ता चक्क गुलाबी रंगवलेला आहे आणि पहाटेपर्यंत तिथे पाय ठेवायला जागा नसते. एकाच स्थानकातून दोन वाटा फुटतात, एक नाचगाण्याकडे आणि एक तुरुंगाकडे. लिस्बनच्या संगीताबद्दल जितकं वाचावं आणि ऐकावं, तितक्या या दोन वाटा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. आपल्याकडून जाणाऱ्यांना वास्को द गामाची कबर दाखवली जाते, पिवळी ट्राम दाखवली जाते, रात्रीच्या जेवणाबरोबर फादो ऐकवला जातो. फादो म्हणजे दैवाला शरण गेलेल्या माणसाचं दुःखगीत, असंही सांगितलं जातं. ते निम्मंच खरं आहे आणि उरलेलं निम्मं समजून घेतल्याशिवाय हे शहर कळत नाही.

आधी जागा पाहू. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चमध्ये मेणबत्त्या जळत असताना लिस्बनला भूकंपाने गाठलं. मागोमाग नदीतून समुद्राच्या लाटा चढून आल्या आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. त्याच वर्षी वसंतात उघडलेलं राजाचं भव्य ऑपेरागृह त्यात गेलं. मंत्री पोंबालने नदीलगतचा सखल भाग सरळ रस्त्यांच्या चौकटीत नव्याने वसवला. इमारतींच्या भिंतींत लाकडी सांगाडे घातले. आल्फामाची टेकडी मात्र खडकावरची, त्यामुळे तिथल्या वाकड्यातिकड्या बोळांचा जुना आराखडा पुष्कळसा टिकला. पलीकडची मोरारिया ही वस्ती आणखी जुन्या हकिकतीची. 1147 साली ख्रिस्ती राजाने शहर जिंकलं, तेव्हा हरलेल्या मुसलमानांना तटाबाहेर जी जागा नेमून दिली, ती ही. फादो वाढला तो अशा बोळांत.

त्याचा जन्म एका ठिकाणी दाखवता येत नाही. नेपोलियनच्या फौजा आल्या म्हणून 1807 साली पोर्तुगालचा दरबार जहाजांत बसून ब्राझीलला पळाला आणि राजा परतला तो 1821 साली. त्या येण्याजाण्यात ब्राझीलमधली गाणी आणि आफ्रिकी गुलामांच्या तालावर घडलेले नाच बंदरात उतरले. खलाशी, हमाल, धोबिणी आणि वेश्या यांच्या वस्तीत त्यांना नवं रूप आलं. मारिया सेवेरा ही त्या काळातली पहिली प्रसिद्ध गायिका. 1820 साली जन्मली, 1846 साली क्षयाने गेली. देहविक्रय करून जगणारी ही मुलगी मोरारियातल्या रुआ दो कापेलांव या बोळात राहत होती. एका सरदाराशी असलेल्या तिच्या संबंधांची गोष्ट लोकांनी इतकी घोळवली, की 1901 साली तिच्यावर कादंबरी आली आणि 1931 साली पोर्तुगालचा पहिला बोलपट निघाला तोही तिच्यावरच. फादो गाणाऱ्या बायका खांद्यावर काळी शाल घेतात, ती तिच्या आठवणीची मानतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंतचा फादो नुसता रडका नव्हता, हे मला इथे ठासून सांगायचं आहे. कामगारांच्या वस्त्यांत समाजवादी आणि अराज्यवादी फादो रचले जात. त्यात संप, भाकरी, पाद्री, मालक असे विषय येत. चाली ठरलेल्या असत आणि त्यांवर प्रत्येक गायक आपले शब्द बसवी, कित्येकदा तिथल्या तिथे, समोरच्याला उत्तर म्हणून.

1926च्या मेमध्ये लष्कराने सत्ता घेतली. वर्षभरात, 1927 साली, नाटक-तमाशांचं नियमन करणारा हुकूम निघाला आणि त्याने फादोची नाडी हातात घेतली. गायकाला धंद्याचा परवाना काढावा लागे. गाण्याची जागा परवान्याची. गाणं म्हणण्याआधी त्याचे शब्द सरकारी कचेरीत दाखल करायचे, तिथे कारकून ते वाचणार आणि शिक्का मारणार. सेन्सॉरची निळी पेन्सिल पोर्तुगीज बोलण्यात आजही दडपशाहीची खूण म्हणून येते. पुढे हुकूमशहा सालाझारच्या अमदानीत ही यंत्रणा पक्की झाली आणि 1974पर्यंत टिकली.

या हुकुमाचा परिणाम बारकाईने पाहण्यासारखा आहे. शब्द आधी मंजूर करून घ्यायचे म्हटल्यावर आयत्या वेळी रचण्याला व्यासपीठावर जागाच उरली नाही. संपाचं गाणं मंजूर होणार नव्हतं. मंजूर होणार होती ती आई, वियोग, जुनी गल्ली, नशीब अशा विषयांवरची. रस्त्यावरचं आणि गुत्त्यातलं गाणं परवानाधारक फादोघरांत गेलं आणि तिथे मंद दिवे, भिंतीवर शाली, ताटात मासे असा थाट ठरून गेला. आज ज्याला आपण फादोचा मूळ स्वभाव म्हणतो, ती दैवाची आळवणी मुळात त्याच्यात होतीच. पण बाकीचे सूर छाटून तेवढीच शिल्लक ठेवली ती या कारकुनांनी, असं माझं मत आहे.

आणि तरीही त्या चौकटीत केवढं गाणं झालं! फादोघरात बसलेल्याला ते कळतं. वाढपी ताटं उचलायचे थांबतात, दिवे उतरवले जातात, कुणीतरी शांत राहायला बजावतं. माइक बहुधा नसतोच. दोन वादक खुर्च्यांवर, गायिका उभी, डोळे मिटलेले, मान किंचित मागे. साध्या गिटारीला ते व्हियोला म्हणतात. तिच्याकडे लय आणि खर्ज. दुसरं वाद्य पोर्तुगीज गिटार, नासपतीच्या आकाराची, बारा तारांची, तारा जोडीजोडीने लावलेल्या. तिच्या माथ्याला पंख्यासारख्या पसरलेल्या खुंट्यांचे स्क्रू असतात. वादक दोन कडव्यांच्या मध्येही ते हळूच पिळताना दिसतो. ती गायिकेच्या मागे धावत नाही, तिने सोडलेल्या जागा भरते. जुन्या चाली मोजक्या आहेत, त्यातल्या तीन तर सगळ्यांच्या पायाशी: कोर्रिदो, मेनोर आणि मोरारिया. त्याच चालीत दुसरे शब्द, दुसऱ्या रात्री दुसरा विराम. जाणकार दाद देतात ती या विरामांना. ठुमरी ऐकणाऱ्या कानाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आमालिया रोद्रिगेश (1920–1999) हे या गाण्याचं सर्वांत मोठं नाव. ती गेली तेव्हा देशाने तीन दिवस दुखवटा पाळला आणि 2001 साली तिला राष्ट्रीय स्मारकात नेऊन ठेवलं. सालाझारच्या राज्यात जगभर गाजलेली म्हणून क्रांतीनंतर तिच्यावर राजवटीची गायिका असा ठपका आला. पण 1962 सालची तिची ध्वनिमुद्रिका ऐकावी. आलें उल्माँ या संगीतकाराने तिच्यासाठी कवींची कविता फादोत आणली. त्या तबकडीत दाविद मोराऊं-फेरैरा या कवीचं ‘आबांदोनो’ नावाचं गाणं आहे. विचारांपायी रात्रीतून उचलून समुद्राकाठी कोंडलेल्या माणसासाठी कुणी एकजण गात आहे. लोकांनी त्याचं नाव लगेच ‘पेनिशचा फादो’ करून टाकलं, कारण पेनिश म्हणजे लिस्बनच्या उत्तरेला, लाटांच्या तडाख्यात उभा असलेला राजकीय कैद्यांचा किल्ला. गाण्यावर बंदी आली. 1966 साली उल्माँला राजकीय पोलिसांनी, पिदेने, अटक केली आणि देशाबाहेर काढलं.

पेनिश हे नाव गोव्याला आधीपासून माहीत होतं. 18 जून 1946 रोजी लोहियांनी मडगावात सभा घेतली, त्यानंतरच्या धरपकडीत टी. बी. कुन्हा यांना पकडून, लष्करी न्यायालयापुढे उभं करून आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालला, याच पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. ज्या गाण्याला लिस्बनकर आपल्या दडपशाहीचं गाणं मानतात, त्यातल्या किल्ल्याच्या भिंतीआड आपलीही माणसं बसलेली होती. फादोशी आपलं नातं जोडायचं, तर ते इथून जोडता येतं.

गिटारवादक कार्लोश पारेदिश (1925–2004) याची हकिकतही याच धाग्यातली. हा थोर वादक पोट भरण्यासाठी एका इस्पितळात क्ष-किरण चित्रांची नोंद ठेवण्याचं काम करी. कम्युनिस्ट म्हणून 1958 साली त्याला तुरुंगात टाकलं. वाद्य जवळ नव्हतं, तेव्हा तो कोठडीत येरझाऱ्या घालत मनातल्या मनात चाली बांधी, आणि सोबतचे कैदी त्याला वेड लागलं समजत, असं सांगतात.

राजवट पडली तीही गाण्याच्या इशाऱ्यावर. 24 एप्रिल 1974च्या रात्री 11ला पाच मिनिटं असताना रेडिओवर पावलो द कार्वाल्योचं युरोव्हिजन स्पर्धेतलं गाणं लागलं. बंडखोर अधिकाऱ्यांना तयार राहण्याची ती खूण. मध्यरात्रीनंतर 12.20ला दुसऱ्या केंद्रावरून झेका अफोन्सोचं ‘ग्रांदोला’ लागलं आणि चिलखती गाड्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी कार्मो चौकातल्या बराकीत पंतप्रधान कायतानो शरण आला. तो चौक भूकंपात छप्पर गमावलेल्या कार्मोच्या चर्चसमोरच आहे. शिपायांच्या बंदुकीत लोकांनी लाल कार्नेशन खोवली, ही आठवण जगभर गेली. त्या दिवशी शियादो भागातल्या पिदेच्या मुख्यालयातून गर्दीवर गोळीबार झाला आणि चार माणसं मेली, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. आता त्या इमारतीत महागडे फ्लॅट आहेत. चौघांची आठवण बाहेरच्या फलकापुरती उरली आहे. राजवट पडताच पेनिश आणि काशियशचे दरवाजे उघडले. वर्षअखेरीला, 1974च्या डिसेंबरात, पोर्तुगालने गोव्याच्या विलीनीकरणाला मान्यता देणारा करार केला.

वसाहती सुटल्या आणि लिस्बनची रात्र बदलली. केप व्हर्द, अंगोला, मोझांबिकमधून आलेल्यांनी आपली नाचगाणी आणली. केप व्हर्दच्या एका गीतकाराच्या नावाने चालणाऱ्या ‘बी. लेझा’ क्लबात आजही वयस्क जोडपी आणि विद्यार्थी एकाच तालावर सरकतात. मानुएल रैश याने 1982 साली बाइरो आल्तोत ‘फ्राजिल’ उघडलं आणि 1998 साली नदीकाठी, सांता आपोलोनिया स्थानकाजवळ, ‘लक्स’. नव्या लिस्बनचा रात्रीचा चेहरा या दोन जागांनी घडवला. पण गेल्या वीस वर्षांतलं सर्वांत ताजं संगीत शहराबाहेरच्या चाळवजा वसाहतींतून आलं. आफ्रिकी आईबापांच्या पोरांनी घरातल्या संगणकावर अंगोलाच्या कुदुरो या नृत्यसंगीतापासून ‘बातिदा’ हा तुटक, दणकट प्रकार घडवला. डीजे मार्फोक्स त्यातलं एक नाव. शंभर वर्षांपूर्वी फादो ज्या सामाजिक पायरीवर होता, त्याच पायरीवर आज हे गाणं आहे. मोझांबिकमध्ये जन्मलेली आणि मोरारियात वाढलेली मारिझा आज फादोची जागतिक गायिका आहे, हेही लक्षात ठेवावं.

गोव्याचाही सूर इथे आहे. लिस्बनमधल्या ‘कासा द गोवा’ संस्थेचं ‘एकवट’ हे पथक मांडो आणि देखणी गातं-नाचतं. इकडे गोव्यात सोनिया शिरसाट फादो गाते, पोर्तुगीजमध्ये आणि कोकणीतही. ज्या सत्तेने तिथे कवींची निळ्या पेन्सिलीने गळचेपी केली आणि इथे सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, तिच्यावाचून ते गाणं आता आपल्या आवडीने गायलं जातं. हे मला फार मोलाचं वाटतं.

2011 साली युनेस्कोने फादोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यानंतर गर्दी वाढली आणि तिच्याबरोबर चिंताही. आल्फामा, मोरारियातली घरं पर्यटकांना रोजाने दिली जाऊ लागली, भाडी चढली आणि जुने रहिवासी शहराबाहेर गेले. ज्या शेजाऱ्यांना शब्द पाठ असत, तेच उठून गेले, तर फादो कुणासमोर गायचा?

म्हणून जाणाऱ्यांना एक विनंती. बसभर माणसांना घाईने जेवू घालून तीन गाणी ऐकवणारी जागा टाळा. हौशी गायकांचा ‘फादो वादियो’ जिथे रंगतो, असा लहान गुत्ता शोधा. तिथे शेजारच्या टेबलावरची आजी उठून गाईल. गाणं चालू असताना फोन खिशात ठेवा. आणि त्याआधी दुपारी से या कॅथेड्रलजवळच्या आल्जूबमध्ये जा. राजकीय कैद्यांचा हा तुरुंग 2015पासून संग्रहालय आहे. दिवस हाताशी असला, तर बसने पेनिशलाही जा. तिथल्या किल्ल्यात 27 एप्रिल 2024 रोजी, कैदी सुटल्याच्या पन्नासाव्या वर्षी, प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं आहे.