चारही चाकें आणि ऋणाचें ओझें

राजगडाच्या पायथ्याच्या आमच्या गुंजवण्यास पावसाळा म्हणजे चिखलाचें राज्य. भातखाचरांकडे जाणाऱ्या वाटेवर साधी गाडी हटकून रुतते. म्हणून चारही चाकांस शक्ति पोहोंचविणारा नवा पिकअप ट्रक घ्यावा असें येथील एका शेतकरी गृहस्थांनीं योजिलें, व त्यासाठीं जमीन गहाण टाकावी कीं काय, असें आम्हांस विचारिलें.

किंमत व मूल्य हीं एक नव्हेत. टोयोटाची हायलक्स 2022 सालीं भारतांत आली, तेव्हां तिची प्रारंभींची किंमत 33.99 लाख रुपये होती. महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप 2023 सालीं 7.85 लाखांपासून निघाली. नोंदणी व विमा निराळा. पहिली चिखलखडकांतून चालते. दुसरीस मागच्याच चाकांचें बळ, परंतु तिचा जन्मच ओझें वाहण्यासाठीं. अंतर 26.14 लाखांचें. दरसाल शेंकडा 9 दरानें त्याचें नुसतें व्याज 2,35,260 रुपये होतें. चिखलाचे दिवस 60 धरले, तर प्रत्येक दिवसास 3,921 रुपये पडले! तेवढ्या दिवसांपुरता भाडोत्री ट्रॅक्टर किती स्वस्त पडेल, हें वाचकांनींच ताडावें.

रात्रीं-अपरात्रीं रोग्यास दवाखान्यांत नेण्याचा प्रसंग मात्र या हिशेबांत बसत नाहीं. जीवाचें मोल व्याजानें मोजतां येत नाहीं. त्यासाठीं चार घरांनीं मिळून अशी एक गाडी अवश्य घ्यावी. एकट्यानें शेत गमावून ती घेणें म्हणजे कोहळा देऊन आवळा घेणें होय. शेतच गेल्यावर गाडींत भरावयाचें काय?