मिठाला जागणारी माणसं

वेलिच्काच्या खाणीत दगडी मीठ खोदणं १९६४ साली थांबलं. आत पाणी सोडून मीठ विरघळवून वर काढायचं कामही १९९६ मध्ये बंद झालं. तरीही पोलंडमधल्या क्राकूव शहराजवळच्या या गावात रोज सकाळी खाणकामगार हेल्मेट, दिवे घेऊन खाली उतरतात आणि पाळी संपली की वर येतात. मीठच काढायचं नाही, तर मग ही माणसं खाली करतात तरी काय? मला खाण बघायची होती ती या प्रश्नासाठी. युनेस्कोने १९७८ साली जागतिक वारशाची पहिलीवहिली यादी केली, त्यातल्या बारा ठिकाणांत ही खाण होती, हे नंतर आलं.

पाहुणे दानिवोविच नावाच्या विहिरीतून खाली जातात. ही उभी विहीर १६३५ ते १६४० या काळात खणली. आता तिच्यात लाकडी जिना आहे. मोजक्या पायऱ्या, वळण, पुन्हा तेवढ्याच पायऱ्या, पुन्हा वळण. साडेतीनशेच्या वर पायऱ्या उतरल्या की पहिला मजला येतो, जमिनीखाली ६४ मीटर. वर कुठलाही ऋतू असो, खाली हवा सतरा अंशांच्या आसपास आणि कोरडी. थोड्या वेळाने ओठांवर खारट चव येते, कशालाही तोंड न लावता. समोरून कामगारांची जोडी आली तर गाइड बाई थबकून ‘श्चेंश्च बोझे’ म्हणायच्या, देव भलं करो अशा अर्थाचं. तेही तसंच म्हणून पुढे जायचे.

भिंती बघून पहिल्यांदा विरसच होतो. दगडी मीठ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उपासाचं गुलाबी सैंधव येतं. वेलिच्काचं मीठ करडं, हिरवट झाक असलेलं, आणि दिव्याच्या उजेडात चक्क ग्रॅनाइटसारखं दिसतं. ‘चाटून बघा’ असं गाइड बाई स्वतःच सांगतात. बघितलं. मीठच होतं, आणि चांगलं कडक खारट.

साधारण १ कोटी ३५ लाख वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. तो आटला, मिठाचे थर बसले. पुढे दक्षिणेकडून कार्पेथियन डोंगर रेटत आले आणि त्या रेट्याने थर चुरगळले, तुटले, एकमेकांवर चढले. त्यामुळे खालच्या भागात मीठ थराथरांनी सापडतं, पण वरच्या भागात मात्र ते मातीत अडकलेल्या अवाढव्य गोळ्यांच्या रूपात आहे, शिऱ्यात बेदाणे असावेत तसं. जुन्या खाणकामगाराला आधी असा गोळा हुडकावा लागे. सापडला की तो आतून खात जायचं, मातीची कड लागली की थांबायचं. म्हणून वरच्या मजल्यांवरचं प्रत्येक दालन वेगळ्या आकाराचं आहे. आपण ज्या पोकळीत उभे असतो तो मुळात मिठाचा एक गोळा होता, आणि तो कधीच युरोपभर खाऊन संपला. अशी दोन हजारांहून जास्त दालनं आहेत, नऊ मजल्यांवर, ३२७ मीटर खोलीपर्यंत. बोगद्यांची लांबी २४० किलोमीटरच्या पुढे. पाहुण्यांना त्यातले तीन-साडेतीन किलोमीटर दाखवतात.

खाणीच्याही आधी इथे खाऱ्या पाण्याचे झरे होते. नवाश्मयुगातली माणसं ते पाणी मडक्यांत उकळून मीठ करत. झरे आटू लागले म्हणून विहिरी खोल नेल्या, आणि तेराव्या शतकात खणता खणता मिठाचा दगड लागला. पोलिश लोक ही गोष्ट वेगळी सांगतात. हंगेरीचा राजा चौथा बेला याची मुलगी किंगा पोलंडच्या बोलेस्वाव या ड्यूकला दिली. सासरी मीठ नाही, म्हणून तिने माहेरच्या खाणीत आपली अंगठी टाकली. इकडे येऊन खणायला लावलं, तर पहिल्याच मिठाच्या दगडात ती अंगठी निघाली! हंगेरीतल्या जाणत्या खाणकामगारांचं कसब या गोष्टीत अंगठी होऊन आलं असावं, असं मला वाटतं. किंगा पोलंडच्या मीठ-खाणकामगारांची रक्षणकर्ती, आणि १९९९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संतपद दिलं.

खाण राजाच्या मालकीची. चौदाव्या शतकात काझिमिएश राजाच्या काळात खजिन्याचा सुमारे तिसरा हिस्सा वेलिच्का आणि शेजारच्या बोखनिया इथल्या मिठातून येई. मांस-मासे हिवाळाभर टिकवायचे तर मीठच लागे, आणि जवळपास समुद्र नाही. मीठ कोणी काढायचं, कोणाला विकायचं याचे नियम या राजाने १३६८ साली लिहून काढले.

काम कसं चाले ते खाली जागोजाग अवजारं मांडून दाखवलंय. भिंतीवर आधी टिकावाने चर पाडून एक मोठा चौकोन आखायचा. चर खोल करत न्यायचे. मग मागे लोखंडी पाचरी ठोकत अख्खा तुकडा भिंतीपासून सोडवायचा आणि आडवा पाडायचा. त्याचे पुढे पिंपाच्या आकाराचे ठोकळे घडवत. त्या ठोकळ्याला ‘बाउवान’ म्हणत. वजन टनाच्या घरात, मोठे तर त्याहून जड. उचलायचा प्रश्नच नव्हता, म्हणून गोल. बोगद्यातून ते ढकलत, लोळवत न्यायला वेगळे कामगार असत. उरलेला चुरा लाकडी पिंपांत भरायचा. लहान मालासाठी चार चाकांची पेटी होती, तिचं नाव ‘हंगेरियन कुत्रा’. चालताना ती भुंकल्यासारखी करकरे म्हणून हे नाव पडलं म्हणतात. खणणारे, लोळवणारे, वाहणारे, सुतार असे प्रत्येकाचे गट ठरलेले होते. खणणाऱ्यांच्या मंडळाला १५३४ साली खाणीचे व्यवस्थापक सेवेरिन बोनेर यांनी चांदीने मढवलेलं शिंग भेट दिलं. ते गावातल्या संग्रहालयात आहे.

मीठ वर चढवायला रहाट. सोळाव्या शतकापासून ते ओढायला घोडे थेट खाली आणले. एका दालनात मूळ रहाट उभा आहे, मधला खांब दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा. घोडे खालीच राहत, तबेलेही मिठातच कोरलेले. शेवटची घोडी बाश्का २००२ साली वर आली.

यांत्रिक पंखे नव्हते तेव्हा सगळ्यात वाईट काम मिथेनचं. हा वायू हलका, छताशी साठतो. ओले कपडे घातलेला माणूस लांब काठीच्या टोकाला पेटता काकडा बांधून जमिनीशी सरपटत जाई आणि छताशी साठलेला वायू थोडा थोडा पेटवून देई. जास्त साठण्याआधी जाळला तर ठीक, नाहीतर स्फोट. त्यांना ‘प्रायश्चित्त घेणारे’ म्हणत. असा एक सरपटणारा पुतळा तिथे ठेवलाय. घोळका फोटो काढून पुढे गेला, पण माझा पाय काही तिथून लवकर निघेना.

खरी नजर ठरते ती मात्र लाकडावर. मिखावोवित्से नावाचं दालन ३५ मीटर उंच आहे, आणि त्याला तोलून धरलंय एकावर एक रचलेल्या ओंडक्यांच्या मनोऱ्यांनी. हे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. पायथ्याशी उभं राहून वर बघितलं की मान दुखते, पण शेवटचा ओंडका काही नीट दिसत नाही. लाकूड फर आणि स्प्रूसचं. मीठ लाकडात मुरत जातं आणि ते कुजत नाही, उलट कडक होतं. दुसरंही कारण आहे. माथ्यावरचा भार वाढला की लाकूड करकरतं, वाकतं, म्हणजे बोलतं आणि माणसांना पळायला वेळ देतं. लोखंड तेवढी सवलत देत नाही. बोगद्यांतले खांब चुन्याने रंगवलेत, ते मिणमिणत्या दिव्याचा उजेड परतून यावा म्हणून. कशासाठी काय केलं याचं साधं, पटेल असं उत्तर इथल्या प्रत्येक जुन्या गोष्टीला आहे. म्हणूनच पुढे एका तळ्याकाठी रंगीत दिवे फिरवून शोपँचं संगीत लावलं तेव्हा मला ते नकोसं झालं. तळं नुसतं बघू दिलं असतं तरी चाललं असतं.

संत किंगाचं प्रार्थनामंदिर मात्र सगळ्या गर्दीसकट बघण्यासारखं आहे. जमिनीखाली १०१ मीटर, लांबी ५४ मीटर. एका मोठ्या हिरव्या मिठाच्या गोळ्यातून सुमारे वीस हजार टन मीठ काढून ही जागा झाली. १८९६ साली युझेफ मार्कोव्स्की या खाणकामगाराने कोरायला सुरुवात केली, पुढे त्याचा भाऊ तोमाश, मग अंतोनी विरोदेक. विरोदेक १९६३ पर्यंत काम करत होते. वेदी, पुतळे, झुंबरांचे लोलक, सगळं मिठाचं. भिंतीवर विरोदेक यांनी कोरलेलं ‘शेवटचं भोजन’ आहे, लिओनार्दोच्या चित्रावरून. सगळे तिथेच उभे असतात. मला जास्त आवडली ती जमीन. अष्टकोनी फरश्या बसवल्यासारख्या वाटतात, पण सांधा शोधायला वाकावं तर सांधाच नाही. सलग मिठावर फरशीच्या रेघा कोरल्यात. लाखो पाय पडून तिला तुकतुकी आलीय. दर रविवारी इथे मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, होते.

आणि आता पहिला प्रश्न. पहिल्या मजल्यावर संत अंतोनीचं जुनं प्रार्थनामंदिर आहे, तिथली पहिली मिस्सा १६९८ सालची. त्यातल्या पुतळ्यांना नाक नाही, डोळे नाहीत, काहींचे खांदे ओघळलेत. कोणी तोडफोड केलेली नाही. जवळच्या विहिरीतून येणारी दमट हवा त्यांना तीनशे वर्षं चाटतेय. किंगाच्या मंदिरातले पुतळे अजून धारदार आहेत ते केवळ नवे आणि खोल आहेत म्हणून. पाहुण्यांचा श्वास, कपड्यांतला ओलावा, उन्हाळ्यात वरून ओढलेली हवा, या सगळ्यात पाणी आहे. यांत्रिक वायुवीजनाने आत ओलावा येऊ लागला म्हणून १९८९ साली युनेस्कोने खाण धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकली. हवा आत सोडण्याआधी कोरडी करणारी यंत्रं बसली, आणि १९९८ मध्ये नाव त्या यादीतून निघालं.

हवेतलं पाणी परवडलं, असं म्हणायची वेळ १९९२ च्या एप्रिलमध्ये आली. चौथ्या मजल्यावरच्या मिना नावाच्या बोगद्यात पाणी घुसलं, माती आणि वाळू घेऊन. वर जमीन खचली, रेल्वेमार्ग बिघडला, जवळच्या मठाला धोका झाला. ते पाणी आवरायला वर्षं गेली.

म्हणजे आज जे खाली उतरतात ते मुख्यतः पाण्यामागे उतरतात. कुठे ठिबकतंय, किती ठिबकतंय, याची नोंद ठेवतात. त्यात एक खोच आहे. ठिबकणारं पाणी खारट, अगदी मीठ पिऊन तृप्त झालेलं असेल तर फारशी भीती नाही, कारण ते आणखी मीठ विरघळवू शकत नाही. एक लिटर पाण्यात तीनशे ग्रॅमच्या वर मीठ विरघळलं की त्याची भूक संपली. भीती गोड्या पाण्याची. त्याची वाट म्हणजे मिठात पडत जाणारं भगदाड. म्हणून पाणी किती आलं याइतकंच ते किती खारट आहे हेही बघावं लागतं. खारं पाणी लाकडी पन्हळींतून आणि नळांतून गोळा करतात, पंपाने वर चढवतात, आणि वर ते आटवून त्याचं मीठ करतात. खाणीच्या नावाने दुकानात मिळणारं मीठ ते हेच. हे पाणी नुसतं सोडून देता येत नाही, तेव्हा त्याचं मीठ करणंच शहाणपणाचं.

बाकीची माणसं सुतारकाम करतात. खचलेला ओंडका काढून त्याच जागी तसाच दुसरा बसवायचा. फुगून आत येणाऱ्या भिंती तासून बोगदा पुन्हा माणसाच्या उंचीचा करायचा, कारण मीठ दाबाखाली हळूहळू सरकतं आणि मोकळी जागा आपल्यापरीने बंद करू बघतं. छतात लांब दांडे ठोकून सैल थर मागच्या घट्ट थराला बांधायचे. टिकाव, फावडं, पाचर अजून हातातलीच, कारण यंत्राच्या हादऱ्याने शेजारचं जुनं काम निखळेल. सातशे वर्षं मीठ बाहेर काढायला जे कसब लागलं, तेच आता मीठ जागच्या जागी राहावं म्हणून वापरतात.

सगळं मात्र वाचवत नाहीत, वाचवता येणारही नाही. ज्या दालनांत जपण्यासारखं काही नाही किंवा जी पुढेमागे कोसळून वरच्या मजल्याला ओढतील, त्यांत वाळू भरतात. वरून नळातून वाळू आणि खारं पाणी सोडतात. वाळू खाली बसते, पाणी निथळून पुन्हा पंपाकडे येतं. इथेही पाणी खारंच हवं, गोडं सोडलं तर भरण्याऐवजी पोखरणंच व्हायचं. कुठलं दालन ठेवायचं आणि कुठलं भरायचं हे ठरवताना भूगर्भतज्ज्ञ, इतिहासकार आणि खाणकामगार तिघांचं म्हणणं लागतं. भरायच्या आधी मोजमापं, फोटो, सापडलेली अवजारं वर येतात. मार्चिन गेर्मानने १६३८ मध्ये खाणीचे नकाशे काढले, विलेम हाँडियसने १६४५ मध्ये ते तांब्यावर कोरून छापले. त्यातल्या चित्रांत जिने, रहाट, घोडे, दोराला लटकून उतरणारी माणसं सगळं दिसतं. खाली आता काय भरायचं हे ठरवताना त्या काळच्या नकाशांपासून पुढचे सगळे नकाशे उपयोगी पडतात, कारण जुन्या पोकळ्यांचा पत्ता त्यांच्यातच आहे.

वर यायला लिफ्ट आहे. एकावर एक रचलेले छोटे पिंजरे, एकेकात खांद्याला खांदा लावून माणसं. काळोखात धडधडत ती भलत्या वेगाने वर जाते. माझ्या पिंजऱ्यात पाळी संपवून निघालेला एक कामगार होता. त्याच्या बुटांना आणि पँटीच्या कडांना मिठाचा पांढरा थर होता. आज काय काम होतं, असं गाइड बाईंकरवी विचारलं. तो म्हणाला, पन्हळ साफ केली, मिठाने बुजली होती.