कुरळे केस आणि कात्रीआधीची दोन मिनिटं

(एपिसोडचं लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून मध्ये छोटी शीर्षकं टाकली आहेत.)

कानात हेडफोन आहेत ना? मग एक हात मोकळा करा आणि डोक्यावरून बोटं फिरवा. बोटं सरळ खाली आली, तर हा एपिसोड कुरळ्या केसांच्या दोस्ताला फॉरवर्ड करा. मध्येच अडकली, तर बसा, हा तुमचाच आहे.

औसा घ्या, निलंगा घ्या, नाहीतर नांदेड घ्या. कुरळ्या केसांच्या पोरानं लहानपणापासून काय ऐकलेलं असतं? ‘केस विंचरलेस का?’, ‘काय घरटं केलंय डोक्याचं!’ आणि सलूनमध्ये वडील परस्पर सांगून टाकतात, ‘एकदम बारीक करा, महिनाभर बघायला नको.’ पोरींचं वेगळं. आधी तेल थापून घट्ट वेणी, आणि कॉलेज संपत आलं की कुणीतरी म्हणतंच, ‘आता स्मूदनिंग करून घे, बघायला येतील तेव्हा बरं दिसतं.’

म्हणजे कुरळे केस एकतर कापून संपवायचे, नाहीतर पैसे मोजून सरळ करायचे. ते नीट कापून घेता येतात, हा तिसरा पर्याय कुणी सांगतच नाही. आज त्यावरच बोलायचंय. आणि आधीच सांगतो, त्यासाठी पुण्याची गाडी पकडायची गरज नाही. तुमच्या चौकातला दादा हे करू शकतो. फक्त कात्री लागायच्या आधीची दोन मिनिटं तुम्ही नीट वापरली पाहिजेत.

केस आखडतात म्हणजे काय होतं?

केसाचं मूळ त्वचेत एका बारीक पिशवीत असतं. तिला फॉलिकल म्हणतात. ही पिशवी सरळ आणि गोल असेल तर केस सरळ उगवतो. ती वाकडी, चपटी असेल तर केस वळत वळतच बाहेर येतो. वयानुसार किंवा आजारपणात यात थोडा फरक पडू शकतो, पण ‘एकदा टक्कल कर, सरळ येतील’ हे काही खरं नाही. वस्तरा वरून फिरतो, पिशवी आत असते.

आता केसाच्या आत बघू. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याचा आकार आतल्या बंधांवर टिकतो. डायसल्फाइड बंध पक्के असतात, ते पाण्यानं तुटत नाहीत. हायड्रोजन बंध कच्चे असतात. पाणी लागलं की सुटतात, केस वाळले की परत जुळतात. म्हणून ओला कुरळा केस लांब, सरळ आणि शहाणा दिसतो. वाळला की स्प्रिंगसारखा वर जातो.

सलूनमधली गडबड नेमकी इथं होते. छोटा हिशोब करू. समजा तुमच्या कपाळावरची एक बट ओढून धरली तर १० सेंटीमीटर भरते आणि सोडली की ७ दिसते. दादानं पाणी मारलं, कंगव्यानं ताणलं आणि ३ सेंटीमीटर कापलं. आरशात तुम्हाला ७ सेंटीमीटरची बट दिसली. तुम्ही म्हणालात, ‘हां, बरोबर आहे.’ घरी येईपर्यंत केस वाळले आणि तीच बट ५ वर गेली. वजन कमी झाल्यामुळं कधीकधी अजून वर. तुम्ही होकार दिला ७ ला, घरी आणलं ५.

त्यात आणखी एक गोष्ट. सगळ्या डोक्यावर वळण सारखं नसतं. टाळूवर मोकळं असेल, मानेजवळ घट्ट असेल, एका कानामागं तर भलतंच असेल. ओल्यात सगळे केस एका लांबीचे कापले, की वाळल्यावर प्रत्येक जागा आपापल्या हिशोबानं आखडते. ओल्यात सरळ दिसलेली रेष कोरड्यात वाकडी होते.

यात दादाचा दोष किती?

फार नाही. पाणी मारा, कंगव्यानं ओढा, बोटांत धरा, कापा. ही पद्धत सरळ केसांसाठी उत्तम आहे आणि वेगवान आहे. दादाची कमाई दिवसाला किती डोकी झाली त्यावर असते. एका कुरळ्या डोक्यावर दुप्पट वेळ गेला तर बाकावर वाट बघणारी दोन गिऱ्हाइकं उठून जातात. शिवाय बहुतेक कुरळी पोरं ‘बारीक करा’ एवढंच सांगून मोकळी होतात. मग त्याचा हात कुरळ्या केसांवर बसणार तरी कधी?

म्हणून रविवारी सकाळी जाऊ नका. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी जा, दुकान रिकामं असताना. आणि आधीच सांगा, ‘दादा, वेळ लागेल, त्याचे पैसे वेगळे घ्या.’ हे एक वाक्य निम्मं काम करतं. घाई संपली की तोच हात वेगळं काम करतो.

जाताना केस कसे असावेत?

आदल्या दिवशी किंवा सकाळी धुतलेले, पूर्ण वाळलेले, बिनतेलाचे. वाळल्यावर कंगवा फिरवू नका. तुमचं वळण रोज जसं पडतं तसंच दादाला दिसलं पाहिजे. औशाहून लातूरला बाइकवर वीसेक किलोमीटर जाऊन कापणार असाल, तर हेल्मेट घालाच, पण पोचल्यावर बोटांनी केस मोकळे करून थोडा वेळ थांबा. दबलेल्या केसांवर कात्री चालली तर माप चुकतं.

फोटो दाखवायचा असेल तर नीट निवडा. ओप्रा विन्फ्रेचे हेअरस्टायलिस्ट आंद्रे वॉकर यांनी केसांचे चार गट पाडले. १ म्हणजे सरळ, २ लहरी, ३ कुरळे आणि ४ अगदी बारीक, घट्ट वळणाचे. इंटरनेटवर ‘२बी’, ‘३ए’ असं दिसतं ते यातूनच आलंय. तुमचे केस लहरी असतील आणि तुम्ही मिथिला पालकरचा फोटो दाखवलात, तर जगातला कुठलाही दादा कात्रीनं ते वळण आणू शकत नाही. कात्री आकार देते, वळण देत नाही. सगळ्यात भारी फोटो म्हणजे तुमचाच. ज्या दिवशी केस छान बसलेत त्या दिवशी समोरून, बाजूनं आणि मागून असे तीन फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी तेच दाखवा.

खुर्चीत बसल्यावर काय म्हणायचं?

हा भाग सेव्ह करून ठेवा. स्टाइलचं नाव सांगू नका. ‘मिडियम’ म्हटलं की प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं मिडियम असतं. कृती सांगा.

‘दादा, पाणी मारू नका, कोरडेच कापा.’

‘कंगव्यानं ओढू नका. बट सुटी असताना जेवढी दिसते त्यावर माप धरा.’

‘आधी कमीच कापा, बघू, मग अजून कापू.’ कापलेला केस परत जोडता येत नाही, राहिलेला कधीही कापता येतो.

‘मशीन फक्त कानाच्या बाजूला आणि मानेवर, वर कात्री.’

‘वरच्या केसांना दातेरी कात्री लावू नका.’ ही दातेरी कात्री म्हणजे केस विरळ करायची, थिनिंगची. जाड सरळ केसांत ती छान काम करते. कुरळ्या केसांत मात्र एकाच बटेतले काही केस आखूड आणि काही लांब होतात, बट एकत्र राहत नाही आणि आखूड केस वर उभे राहतात. मग आपण म्हणतो, ‘केस फुगले.’ वस्तऱ्यानं टोकं विरळ केली तरी जवळपास हेच होतं.

कोरड्यात कापायची कल्पना काही मी काढलेली नाही. न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या लॉरेन मॅसी यांचं ‘कर्ली गर्ल’ हे पुस्तक २००१ मध्ये आलं आणि एकेक बट बघत कोरडे केस कापायची पद्धत जगभर गेली. आपल्याकडं एकेक बट कापायला कुणाला वेळ नसतो, ते ठीक आहे. मधला मार्ग आहे. दादाला ओल्यातच सवय असेल तर ओल्यात ढोबळ कापू द्या, पण ठरवलंय त्यापेक्षा दोन बोटं लांब ठेवायला सांगा. मग केस वाळू द्या आणि शेवटचा आकार कोरड्यात करून घ्या.

आकाराचं गणित

लांब कुरळे केस खालून सगळे एका रेषेत कापले की डोकं त्रिकोणी दिसतं. वर चपटं, खाली पसरट. कारण वरचे केस स्वतःच्या वजनानं दबतात आणि खालचे एकमेकांवर रचत जातात. यावर उपाय म्हणजे लेयर. वरचे केस थोडे आखूड, खालचे लांब, म्हणजे वजन वाटलं जातं. पण लेयर फार आखूड नकोत, नाहीतर टाळूवर मशरूम उगवतं.

पोरांसाठी सगळ्यात सोपा आकार म्हणजे बाजू कमी आणि वर भरपूर. वर किती? बट निदान एक पूर्ण वळण घेईल इतकी. त्यापेक्षा आखूड झाली की वळण दिसत नाही आणि केस नुसते उभे राहतात. ‘माझे केस कुरळे नाहीत, राठ आहेत’ म्हणणाऱ्या कित्येकांचं प्रकरण एवढंच असतं. त्यांनी केस वळण दिसेल इतके कधी वाढवलेलेच नसतात.

पोरींनो, स्मूदनिंगच्या आधी हे ऐका

पार्लरमध्येही वरची सगळी वाक्यं चालतात, फक्त ‘दादा’च्या जागी ‘ताई’ म्हणा. पण तिथं बऱ्याचदा कापायच्या आधीच सल्ला येतो, ‘एकदा सरळ करून घ्या, टेन्शनच नाही.’

टेन्शन असतं. मघाशी सांगितलेली पिशवी बदलत नाही, त्यामुळं नवा केस कुरळाच येतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. चार-पाच महिन्यांत वर कुरळे आणि खाली सरळ असे दोन मजले दिसायला लागतात आणि परत पैसे.

पैशापेक्षा मोठी गोष्ट तब्येतीची आहे. केस सरळ करायच्या काही प्रॉडक्टमधून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्याला माणसात कॅन्सर करणारा पदार्थ मानते. २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं एका कंपनीला ताकीद दिली, कारण बाटलीवर ‘फॉर्मल्डिहाइड फ्री’ लिहिलेलं असूनही आत तोच प्रकार होता. मग काही ठिकाणी ग्लायऑक्सिलिक ॲसिड आलं. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची केस छापून आली. तिनं तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. केलेल्या प्रत्येकीला असं होतं, असं मी म्हणत नाही. पण करायचंच ठरवलं असेल तर बाटली मागा आणि मागची यादी वाचा. दाखवायला नकार आला तर उठून या.

आणि हे फक्त दुसऱ्या कुणाला ‘बरं दिसावं’ म्हणून करत असाल, तर आधी एकदा नीट कोरडा कट घेऊन बघा. बऱ्याच जणींनी स्वतःचे केस मोकळे, वाळलेले आणि आकारात असे कधी पाहिलेलेच नसतात.

घरी आल्यावर

पहिल्याच दिवशी निकाल लावू नका. एकदा धुवा, वाळू द्या, मग बघा. टॉवेलनं खसाखसा पुसण्यापेक्षा जुना सुती टी-शर्ट किंवा पंचा घ्या आणि केस खालून वर दाबत पाणी टिपा. मोठ्या दातांचा कंगवा फक्त ओल्यात, कंडिशनर लावलेला असताना. वाळल्यावर बोटंच पुरतात.

रोज शाम्पू करायची गरज नाही. डोक्यातलं नैसर्गिक तेल वळणावळणाच्या केसावरून खाली सावकाश उतरतं, म्हणून कुरळे केस टोकाला कोरडे असतात. रोज धुतलं तर अजूनच कोरडे. आठवड्यातून एक-दोनदा धुणं बहुतेकांना पुरतं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली होती. त्या जिल्ह्यात कमी पाण्यात निभणारे केस असणं ही काही वाईट गोष्ट नाही!

बोअरच्या पाण्याचं मात्र बघा. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि बादलीवर पांढरे डाग पडतात, त्यातले क्षार केसांवरही बसतात आणि केस राठ लागतात. शेवटचे एक-दोन तांबे पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचे घेतले तरी फरक जाणवतो.

आणि तरी बिघडलं तर?

दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या दुकानात पळू नका. एखादी बट लांब राहिली असेल तर तेवढीच नीट करून घ्या. बाकीचे दोन महिने वाढू द्या, म्हणजे दोनेक सेंटीमीटर हातात येतात. म्हणूनच पहिला प्रयोग घरच्या लग्नाच्या आदल्या दिवशी नको, निदान तीन आठवडे आधी.

जमलं, तर त्याच दादाकडं परत जा. दुसऱ्या वेळी कमी सांगावं लागतं, तिसऱ्या वेळी तोच विचारतो, ‘कोरडेच ना?’ पुढं त्याच्या खुर्चीत एखादं कुरळ्या केसांचं बारकं पोरगं बसेल आणि मागून वडील म्हणतील, ‘एकदम बारीक करा.’ तेव्हा दादाच सांगेल, ‘थांबा मालक, याचे छान बसतील.’

तुमच्या गावात कोरडे केस कापणारा दादा किंवा ताई असेल, तर व्हॉइस नोट पाठवून गावाचं नाव कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर कंगवा जरा लांबच ठेवा!