तो धोरणी, ती कारस्थानी

गेल्या रविवारी जेवणं उरकून आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. एक रिअ‍ॅलिटी शो चालू होता. एका स्पर्धक मुलीनं संघातल्यांना कामं वाटून दिली, वेळेचा हिशोब सांगितला आणि स्वतः पटापट कामाला लागली. काकू म्हणाली, "फारच आगाऊ आहे ही." थोड्या वेळानं दुसऱ्या संघातल्या मुलानं नेमकं तेच केलं. काकू म्हणाली, "बघ, याला म्हणतात लीडरशिप." मी मान डोलावली. दोन्ही वेळा डोलावली, आणि तेच रात्रभर डोक्यात घोळत राहिलं.

कर्तबगार बाईला अशा कार्यक्रमांत सहसा कुणी "तुला जमणार नाही" असं तोंडावर म्हणत नाही. तिला जमतं, हे सगळ्यांना दिसतच असतं. म्हणून मग ते जमणंच तिच्या स्वभावातला दोष ठरतं. हे रोजचं आहे, बारीकसारीक आहे, म्हणूनच डोळ्यांआड राहतं.

ब्रिटनमधल्या 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ'चं उदाहरण घ्या. हिरवळीवरचा पांढरा तंबू, त्यात हौशी मंडळी केक आणि पाव भाजतात. जिंकणाऱ्याला रोख रक्कमही मिळत नाही, मिळतो तो केक ठेवायचा स्टँड आणि फुलांचा गुच्छ. इतका साधा, सौम्य कार्यक्रम. २०१२च्या अंतिम फेरीत तिघेही पुरुष होते. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तिघीही स्त्रिया पोचल्या: रुबी टँडो, किंबर्ली विल्सन आणि फ्रान्सिस क्विन.

रुबी एकवीस वर्षांची विद्यार्थिनी. सतत धास्तावलेली, स्वतःच्याच पदार्थाला नावं ठेवणारी. तिचं रडणं नाटकी ठरलं, आणि परीक्षक पॉल हॉलिवूड यांच्याशी लाडीगोडी करून ती पुढे जाते, असंही बोललं गेलं. किंबर्ली व्यवसायानं मानसशास्त्रज्ञ. तिचं काम शांतपणे आणि ठामपणे चालायचं. ती गर्विष्ठ ठरली. फ्रान्सिस लहान मुलांच्या कपड्यांची डिझायनर, कल्पक. ती जिंकली, तेव्हा रेमंड ब्लांक या नामवंत शेफनं ट्विट करून कौशल्याच्या अभावाबद्दल आणि बायकांच्या अश्रूंबद्दल नापसंती दाखवली. विजेती इतकी बारीक आहे की तिच्या स्वयंपाकावरच्या प्रेमाबद्दलच शंका येते, असंही त्यात होतं. रडली तर नाटकी, नाही रडली तर गर्विष्ठ, जिंकली तर बारीक. तिघींचे स्वभाव तीन दिशांना, तरी एकीचीही सुटका झाली नाही.

लाडीगोडीचा आरोप करणाऱ्यांना दोन गोष्टींचा विसर पडला होता. पॉल यांच्या शेजारी दुसऱ्या परीक्षक मेरी बेरी बसत. अनेक दशकं पाककृतींची पुस्तकं लिहिणारी ही ज्येष्ठ बाई त्याच केकचा घास घेऊन मत देत होती. शिवाय दर भागात एक फेरी अशी असते, जिथे कुठला पदार्थ कुणाचा हे परीक्षकांना माहीतच नसतं. तिथे चव बोलते. रुबीनं अंतिम फेरीनंतर 'द गार्डियन'मध्ये लेख लिहून या शेरेबाजीला बायकांचा द्वेष असं स्पष्ट नाव दिलं. ते धाडसाचं होतं, कारण तक्रार करणारी बाई म्हणून तिच्यावर आणखी एक शिक्का बसणार हे उघड होतं.

हे शिक्के फक्त मन दुखावतात असं नाही, ते निकालही बदलू शकतात. अमेरिकेतल्या 'सर्व्हायव्हर' या रिअ‍ॅलिटी शोमध्ये बाद झालेलेच खेळाडू शेवटी मतदान करून विजेता निवडतात. एरवीच्या पर्वात बक्षीस दहा लाख डॉलरचं. तिथे कुणाला कोण चतुर वाटलं आणि कोण कपटी, यावर मत ठरतं. २०१७ मध्ये सारा लॅसिना ही पोलिस अधिकारी चौतिसावं पर्व जिंकली. त्यानंतरची सलग सहा पर्वं पुरुषांनी जिंकली. त्यांतलं सहावं, २०२० मधलं, फक्त माजी विजेत्यांचं होतं. त्यात सारानं सगळ्यांसमोर हा विषय काढला: पुरुषानं डाव टाकला की तो उत्तम खेळाडू, बाईनं तोच डाव टाकला की ती दगाबाज. सूत्रसंचालक जेफ प्रोब्स्ट यांनी ते उडवून लावलं नाही. या पक्षपातात आपलाही वाटा आहे, हे त्यांनी तिथेच कबूल केलं. पुढच्या, २०२१च्या पर्वात त्यांनी खेळाडूंना आत बोलावतानाची "कम ऑन इन, गाइज" ही वीस वर्षांची हाळी बदलली आणि त्यातला 'गाइज' काढून टाकला. ते पर्व एरिका कासुपनान जिंकली.

असे शिक्के बसण्यात संकलकाचा हात मोठा असतो. कॅमेरे दिवसचे दिवस चालू असतात, आपल्यापुढे येतो जेमतेम तासभर. बाई सूचना देते आहे, लगेच कुणाची तरी वर गेलेली भुवई, पाठोपाठ ताणलेलं संगीत. ती भुवई कदाचित वेगळ्याच वेळी टिपलेली असते. पण आपल्या मनात "हिनं सगळ्यांना वैतागवलं" हे पक्कं होतं.

आपल्याकडे 'शार्क टँक इंडिया' २०२१च्या डिसेंबरात सुरू झाला. त्यात उद्योजक आपला धंदा मांडतात आणि परीक्षक त्यात पैसे गुंतवायचे की नाही ते ठरवतात. पुण्याच्या एमक्युअर औषध कंपनीच्या नमिता थापर परीक्षकांत होत्या. चार्टर्ड अकाउंटंट, ड्यूक विद्यापीठातून एमबीए. "हे माझं क्षेत्र नाही, म्हणून मी बाहेर" अशा अर्थाचं त्यांचं वाक्य देशभर चेष्टेचं झालं. जरा विचार करा. आपल्याला न कळणाऱ्या धंद्यात पैसे घालू नयेत, हा गुंतवणुकीतला पहिला धडा. नकार तर सगळेच परीक्षक देत होते. पण ज्या बाईनं आपल्या मर्यादा स्वच्छ सांगितल्या, त्या बाईला काही येत नाही असा त्याचा अर्थ लावला गेला.

आणि मराठीत आपण काय करतो? कजाग, त्राटिका, कैदाशीण. या शब्दांचा पुरुषी जोडीदार शोधून पाहा, सापडणार नाही. मोठ्यानं बोलणारा पुरुष खमक्या, बाई भांडकुदळ. त्याचं मौन म्हणजे संयम, तिचं मौन म्हणजे शिष्टपणा. 'बिग बॉस मराठी'चं २०१८चं पहिलं पर्व मेघा धाडेनं जिंकलं. नंतरच्या चार पर्वांत विजेते पुरुष. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण त्या घरातल्या बायकांविषयी आपण दिवाणखान्यात काय काय बोलत होतो, ते प्रत्येकानं आठवून पाहावं.

कारण आपल्या शेजारी सोफ्यावर बारा-तेरा वर्षांची मुलगी बसलेली असते. उद्या वर्गात ती गटाचं काम वाटून द्यायला उभी राहणार आहे. टीव्हीवरच्या बाईला आपण काय म्हणालो, हे ती ऐकते आणि उभं राहायचं की नाही ते ठरवते.

म्हणून एवढंच मागणं आहे. जीभ उचलण्याआधी क्षणभर थांबा आणि शब्द निवडा. हुशार, चाणाक्ष, धोरणी, पटाईत, तरबेज. मराठीत हे शब्द पुरुषाला जसेच्या तसे लागतात, तसेच बाईलाही. त्यांचं रूपसुद्धा बदलावं लागत नाही.