नाव तेच, बिऱ्हाड बदलले!

यंत्रांना नावे ठेवण्याबद्दल मला एका सहकारी बँकेकडून पगार मिळतो. हे वाक्य शब्दशः घ्यावे. दुसऱ्या अर्थाने नावे ठेवण्याचे काम आमचे शाखाधिकारी फुकट करतात.

बँकेतल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचा पत्ता म्हणजे ० ते २५५ यांमधले चार आकडे. असे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि तेही जगाला पुरेनात! एप्रिल २०११ मध्ये आशियाच्या वाट्याचा साठा अखेरच्या राखीव गठ्ठ्यावर आला. म्हणून घरगुती वापराला १० ने सुरू होणारे पत्ते घेतात. प्रत्येक लॉजमध्ये दहा नंबरची खोली असते, तसेच हे. कोणाचे कोणाशी भांडण नाही. मात्र एकाच लॉजमध्ये दोन खोल्यांवर १० आकडा रंगवला, की तमाशा. त्यासाठी नोंदवही हवी.

आकडे यंत्राच्या ध्यानात राहतात, माणसाच्या नाही. अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेल्या अर्पानेटवर नावे आणि पत्ते यांची एकच यादी असे. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथे एलिझाबेथ फाइनलर यांची कचेरी ती सांभाळी, आणि जो तो तिची नक्कल उतरवून घेई. यंत्रे वाढली, तशी यादी हाताबाहेर गेली. मग १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. तिच्यात सर्वज्ञ कोणीच नाही! मुळाशी विचारावे, तर तो म्हणतो, 'भारताच्या दप्तरात जा.' ते दप्तर संस्थेचे घर दाखवते, आणि संस्था आपल्या यंत्राचा पत्ता देते. विचारणारा ते उत्तर ठरलेल्या मुदतीपर्यंत जवळ ठेवतो. मुदत नावाच्या मालकाने ठरवायची. आमच्या बँकेत मालक मीच. आणि त्या मुदतीनेच माझा घात केला.

माझे साहेब निवृत्त होताना वही हातात देऊन म्हणाले होते, "नाव शाईने लिही, पत्ता पेन्सिलीने." त्यांनी यंत्रांना नद्यांची नावे दिली होती. हिशेबाचे मुख्य यंत्र गोदावरी.

चार वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, गोदावरी नव्या इमारतीत गेली. रविवारी रात्री मी नावापुढचा पत्ता बदलला आणि निवांत झोपलो. सोमवारी सकाळी फोनवर फोन! मुदत होती ८६,४०० सेकंदांची, म्हणजे अख्खा दिवस. ती आधीच पाच मिनिटांवर आणायला हवी होती. शाखा बिचाऱ्या जुन्याच दारावर धडका देत होत्या. एकेका शाखेला फोन करून जुने उत्तर पुसायला लावले. दुपारपर्यंत सगळ्या सुरू झाल्या. घाटापलीकडची एक तेवढी राहिली.

एस.टी.ने तिथे पोहोचलो, तो चार वाजले होते. बाकावर एक आजी सकाळपासून बसून होत्या. लेक बाळंतपणाला जिल्ह्याच्या दवाखान्यात. पैसे खात्यात, आणि खाते बंद दाराआड.

यंत्र उघडून पाहतो तर काय, गोदावरीच्या नावाऐवजी तिथे नुसते आकडे! एका पावसाळी रात्री, 'तात्पुरते' म्हणून, मीच लिहिलेले. वहीत नोंदसुद्धा नाही.

"मशीन पत्ता चुकलं का, साहेब?" आजींनी विचारले.

"मशीन नाही आजी, मी चुकलो."

नाव घातले आणि खाते उघडले. शाखाधिकाऱ्यांनी शिपायाला पिटाळून शेवटची एस.टी. थांबवून धरली होती. आजींनी नोटा दोनदा मोजल्या, कनवटीला लावल्या, आणि आम्ही दोघे धावत गाडीत चढलो. घाट उतरताना त्यांनी विचारले,

"त्या मशीनचं नाव काय म्हणालात?"

"गोदावरी."

"नदीचं नाव ठेवलंत होय! मग ती एका जागी कशी राहील?"