बेरजेत न दिसणारे मूल

भारतातील १४ लाखांहून अधिक शाळांची माहिती ‘यूडायस प्लस’ या संगणकीय प्रणालीत नोंदविली जाते. प्रत्येक शाळेस ११ अंकी संकेतांक असून त्यावरून तिचे राज्य, जिल्हा, गट व गाव ओळखता येते. २०२२-२३ पूर्वी या प्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती केवळ शाळानिहाय एकत्रित आकड्यांत भरली जाई. चार मुलांनी शाळा सोडली आणि चार नवी दाखल झाली, तर बेरीज तीच राही; गळती झाकली जाई. त्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. त्यामुळे एका शाळेच्या पटावरून कमी झालेले नाव दुसरीकडे न आढळल्यास शाळासमूहाच्या प्रमुखांना त्या मुलाचा शोध घेता येतो. मात्र नोंद वेळेवर व अचूक असेल, तरच हे साधते. पुढे त्या मुलाच्या घरी जाण्याचे काम शिक्षकांनाच करावे लागते.