तयार झाल्याशिवाय बाहेर नाही

नवं सॉफ्टवेअर लोकांच्या हाती द्यायला नेमकं कधी तयार झालं, हा प्रश्न शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत शहरापेक्षा जास्त जिव्हाळ्याचा आहे. डोळखांब, किन्हवली, टोकावडे या पट्ट्यातल्या एखाद्या शाळेत चार-सहा जुने संगणक असतात. कुणीतरी येऊन ते लावून जातं आणि पुढे ते मास्तरांच्या भरवशावर चालतात. पावसाळ्यात झाड पडून तार तुटते. मोबाइलची रेंज टेकडीच्या एका अंगाला असते, दुसऱ्या अंगाला नसते. मुरबाडला अजून रेल्वे नाही, त्यामुळे दुरुस्तीचा माणूस कल्याणहून रस्त्यानेच यायचा. तंत्रज्ञान इथे पोहोचत नाही असं नाही. मुरबाड तालुक्यातलं धसई तर डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. अडचण आहे ती नंतरची. शहरात सदोष आवृत्ती आली तर संध्याकाळपर्यंत दुरुस्ती उतरवून घेता येते. इथे ती आली की मुक्कामालाच येते.

म्हणूनच डेबियन या संस्थेची ओळख करून द्यावीशी वाटते. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मर्डॉक या तरुणाने हा प्रकल्प जाहीर केला. ही कंपनी नाही. जगभरातले स्वयंसेवक लिनक्स हा गाभा (कर्नल), त्यावरचा डेस्कटॉप, ऑफिसचे प्रोग्रॅम, फाँट असं सगळं एकत्र बांधून एक पूर्ण प्रणाली तयार करतात आणि फुकट देतात. उबुंटू या लिनक्स प्रणालीचा पायाही डेबियनच आहे. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची सोडण्याची रीत. तारीख विचारली की डेबियनवाल्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं उत्तर एकच: तयार होईल तेव्हा.

हे उत्तर आळसाचं नाही, त्यामागे पक्की यंत्रणा आहे. कोणतंही नवं पॅकेज, म्हणजे बांधून तयार केलेला प्रोग्रॅम, आधी ‘अनस्टेबल’ विभागात येतं. या विभागाचं नाव कायम ‘सिड’, म्हणजे ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातला खेळणी मोडणारा मुलगा. डेबियनच्या सगळ्याच आवृत्त्यांची नावं त्या चित्रपटांतून घेतलेली आहेत. ‘अनस्टेबल’मध्ये नवं पॅकेज तातडीनुसार २, ५ किंवा १० दिवस राहतं, लोक ते वापरून बघतात. या काळात नवा गंभीर दोष नोंदवला गेला नाही आणि आपोआप होणाऱ्या चाचण्यांत काही बिघडलं नाही, तरच ते ‘टेस्टिंग’मध्ये सरकतं. पुढे एक दिवस फ्रीझ जाहीर होतो: आता नवं काही घ्यायचं नाही, आहे ते नीट करायचं. मग त्यातूनच ‘स्टेबल’, म्हणजे स्थिर आवृत्ती बाहेर पडते.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ चं, म्हणजे ‘ट्रिक्सी’चं उदाहरण घेऊ. १५ मार्चला फ्रीझचा पहिला टप्पा लागला, १५ एप्रिलला दुसरा, १५ मेला कडक फ्रीझ आणि २७ जुलैला पूर्ण बंदी. ९ ऑगस्टला आवृत्ती बाहेर पडली. जवळपास पाच महिने एवढ्या लोकांनी नव्याचा मोह बाजूला ठेवून फक्त दोष निस्तरले. ६९ हजारांहून जास्त पॅकेजेस त्यात आहेत, आणि आधीच्या आवृत्तीतली ८ हजारांहून जास्त काढून टाकली आहेत. काढून टाकणं हाही निर्णयाचाच भाग असतो. ज्याचा गंभीर दोष सुटत नाही किंवा ज्याच्याकडे बघायला कोणी उरलेलं नाही, ते कितीही आवडतं असलं तरी बाहेर राहतं.

या शिस्तीची किंमतही डेबियनने मोजली आहे. जुलै २००२ मधल्या ‘वुडी’नंतरची ‘सार्ज’ यायला जून २००५ उजाडला. जवळजवळ तीन वर्षं! लोक कंटाळले. ऑक्टोबर २००४ मध्ये निघालेल्या उबुंटूने दर सहा महिन्यांनी आवृत्ती काढायचं वेळापत्रक धरलं, ते याच पार्श्वभूमीवर. आज डेबियनही फ्रीझची तारीख आधी सांगतं, साधारण दोन वर्षांनी आवृत्ती काढतं. शेवटची तारीख मात्र दोष आटोक्यात आल्यावरच ठरते. मला हा मध्यममार्ग योग्य वाटतो. गावच्या मास्तरांना तीन वर्षं ताटकळत ठेवणं बरं नाही, पण दिवाळी आली म्हणून अर्धवट वस्तू हातात देणं त्याहून वाईट.

अर्धवट वस्तूचं उदाहरण डेस्कटॉपच्या जगात ठळक आहे. ११ जानेवारी २००८ रोजी केडीई या डेस्कटॉपची ४.० आवृत्ती निघाली. बनवणाऱ्यांच्या मते तो पाया होता, त्यावर इतरांनी आपले प्रोग्रॅम उभे करावेत यासाठी. पण क्रमांक पाहून लोकांनी ते तयार मानलं. अनेक लिनक्स प्रणालींनी ते वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचवलं आणि जुन्या ३.५ मधल्या कित्येक सोयी गायब झालेल्या पाहून लोक वैतागले. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपण केडीई सोडून ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप धरल्याचं जानेवारी २००९ मध्ये सांगितलं. डेबियनने काय केलं? फेब्रुवारी २००९ च्या ‘लेनी’त जुनं केडीई ३.५.१० च ठेवलं. चौथी पिढी आली ती फेब्रुवारी २०११ च्या ‘स्क्वीझ’मध्ये, ४.४.५ या मुरलेल्या रूपात.

अजून घडत असलेली वस्तू आपल्या शेजारच्या शाळेतही आली होती. मुरबाडच्या दक्षिणेला रायगड जिल्ह्यातला कर्जत तालुका. तिथल्या खैराट धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये ‘एक मूल, एक लॅपटॉप’ प्रकल्पाचे छोटे एक्सओ लॅपटॉप आले. या यंत्रांचं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुरू झालं. म्हणजे मुलांच्या हातात आली ती त्याआधीची यंत्रं, आणि त्यांवरचा ‘शुगर’ हा मुक्त डेस्कटॉप तेव्हा अजून घडतच होता. प्रयोग म्हणून ते योग्यच. मुलांनी वापरल्याशिवाय मुलांचं सॉफ्टवेअर घडणार कसं? २००८ मध्ये शुगर लॅब्ज ही वेगळी संस्था उभी राहिली आणि ठरावीक वेळापत्रकाने आवृत्त्या निघू लागल्या. पण प्रयोग कुठला आणि रोजच्या वापराची वस्तू कुठली, हे शाळेला आधी स्पष्ट सांगायला हवं. डेबियनमध्ये ही रेघ तीन विभागांनी आखलेलीच आहे.

आता दुसरी बाजू. एवढ्या चाळण्यांतूनही दोष निसटतो. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्याच एका बदलामुळे ओपनएसएसएल या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या गुप्त किल्ल्या अंदाज बांधता येईल इतक्या कमकुवत झाल्या. तो दोष एप्रिल २००७ च्या ‘एच’ या स्थिर आवृत्तीतही गेला आणि उघड झाला तो थेट १३ मे २००८ ला. डेबियनने तो स्वतः जाहीर केला आणि किल्ल्या नव्याने बनवा असं सगळ्यांना कळवलं. स्थिर आवृत्तीचं वचन एवढंच: माहीत असलेले गंभीर दोष शक्य तितके काढलेत, आणि पुढे सापडतील ते पाच वर्षं निस्तरत राहू, बाकी काही न हलवता. धड्याच्या मधोमध बटणांच्या जागा बदलणार नाहीत, हे मास्तरांसाठी फार मोठं आश्वासन आहे.

एक गोष्ट आपल्या भागाला झोंबणारी. ट्रिक्सीत ३२ बिटच्या जुन्या पीसीसाठी इन्स्टॉलर नाही आणि कर्नलही नाही. देणगीत आलेल्या जुन्या यंत्रांवर चालणाऱ्या प्रयोगशाळांना याचा फटका आहे. तरीही हा निर्णय मला मान्य आहे. ज्या यंत्रावर पुरेशी चाचणी होत नाही, त्यासाठी स्थिर असल्याचा शिक्का देणं ही फसवणूक ठरली असती.

मराठीचंही असंच आहे: कुणी काम केलं, तपासलं, तरच ते नीट होतं. लेनीपासून डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत आहे, कुणीतरी बसून त्याची वाक्यं भाषांतरित केली म्हणून. अक्षरांचंही तेच: ‘ॲ’ हे अक्षर युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंचात एप्रिल २००८ ला, ५.१ या आवृत्तीत आलं. माळशेजच्या ‘दऱ्या’ पडद्यावर आणि छपाईत नीट उमटतात का, हे बोस्टन किंवा बर्लिनच्या स्वयंसेवकाला दिसणार नाही. ज्या दोषाची नोंदच नाही, त्यासाठी कोणी तारीख पुढे ढकलत नाही.

डेबियन १४ चं नाव ‘फोर्की’ ठरलं आहे. त्याचा फ्रीझ लागेल तेव्हा शहापूर-मुरबाडमधल्या संगणक शिक्षकांनी, आयटीआयच्या मुलांनी, लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्यांनी एका जादा यंत्रावर ‘टेस्टिंग’ चढवावं. शाळेच्या दाखल्याचा मजकूर मराठीत टाइप करावा, छापून पाहावा, ऐन कामात वीज गेल्यावर फाइल शाबूत राहते का ते बघावं. चुकलं तर नोंद करावी. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, सोबत पडद्याचा फोटो जोडावा.